देवाचे आसन

गेल्या वर्षी आमच्या कळंबोलीच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने आईवडिलांच्या स्मरणार्थ मंदिराला एक खुर्ची अर्पण करण्याची इच्छा प्रकट केली. सुताराकडून चित्रही काढून आणले होते. उंच पाठ, लाल मखमल आणि हातांवर कोरलेले दोन सिंह. ''फादर, वेदीजवळ सिंहासन शोभेल,'' असे घरातील वडीलधारे म्हणाले. त्यांच्या भक्तिभावाविषयी मला शंका नव्हती. पण मी लगेच होकार देऊ शकलो नाही. पवित्र शास्त्रातील आसनाचा इतिहास त्यांना सांगावासा वाटला, तोच येथे मांडतो.

आपण रायगड जिल्ह्यात राहतो. सिंहासन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ६ जून १६७४ चा राज्याभिषेक उभा राहतो. सभासदाच्या बखरीत ३२ मण सोन्याच्या तख्ताचा उल्लेख आहे. आज गडावर त्याची जागा आहे, ते सोने नाही. इस्राएलातही असे राजवैभव होते. शलमोनाचे हस्तिदंती आसन सोन्याने मढविलेले, सहा पायऱ्यांचे. पायऱ्यांवर बारा सिंह आणि हातांशी आणखी दोन. 'सिंहासन' हा आपला शब्द त्याला अक्षरशः लागू पडतो. मात्र ते राजाचे आसन होते, देवाचे नव्हे.

देवाच्या आसनाची कल्पना त्याहून जुनी आणि फार वेगळी आहे. कराराच्या कोशावर शुद्ध सोन्याचे झाकण होते. अडीच हात लांब, दीड हात रुंद. मराठी बायबलमध्ये त्याला 'दयासन' हा सुंदर शब्द आहे. त्याच्या दोन टोकांना पंख पसरलेले दोन करूब, आणि मध्ये? मध्ये काहीच नाही. शेजारच्या राष्ट्रांच्या देवळांत जेथे मूर्ती असे, तेथे इस्राएलाने जागा रिकामी ठेवली. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, प्रमुख याजक तेथे बलीचे रक्त शिंपडीत असे. राजाच्या आसनासमोर निवाडा होई. या आसनासमोर क्षमा मागितली जाई. पुढे कोश नाहीसा झाला. इ. स. पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी परमपवित्र स्थानात शिरला, तेव्हा त्याला आत कोणतीही मूर्ती आढळली नाही. विजेत्याला तेथे पाहण्यासारखे काही नव्हते!

उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी यशयाने परमेश्वराला उच्चासनावर पाहिले. पृथ्वीवरचे सिंहासन रिकामे झाले आणि संदेष्ट्याला खरा राजा दिसला, हा काळाचा मेळ मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे. त्या दर्शनात सराफदूतांनी केलेला त्रिवार 'पवित्र'चा घोष आपण प्रत्येक मिस्सामध्ये आपल्या मुखी घेतो. तो घाईने उरकण्याचा भाग नव्हे.

पण आमच्या वस्तीला जवळचा वाटावा तो यहेज्केल. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलने जे लोक हद्दपार केले त्यांत तो होता. यरुशलेमचे मंदिर अजून उभे होते. ते ५८७ मध्ये पडले. देव तिकडे आणि आपण इकडे, अशी त्या लोकांची समजूत. अशा वेळी परदेशात, खबार नदीकाठी, संदेष्ट्याला देवाचे आसन दिसले आणि त्याच्याजवळ चाके होती! वसई, गोवा, मंगळूर, केरळ येथून पोटासाठी येथे आलेल्या आणि लोखंडबाजारातील ट्रकांच्या घरघरीत राहणाऱ्या कुटुंबांना त्या चाकांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ख्रिस्तसभेनेही आसनाची परंपरा जपली, ती सेवेच्या अर्थाने. 'कथेड्रल' या नावातील 'कथेड्रा' म्हणजे आसन. जुन्या गोव्याच्या 'से' कथेड्रलमधील 'से' हादेखील आसनाचाच शब्द. तेथून महागुरू शिकवितात. २२ फेब्रुवारीला आपण संत पेत्राच्या आसनाचा सण साजरा करतो. इ. स. ४३१ च्या एफेसस धर्मपरिषदेत तर जमलेल्या महागुरूंच्या मधोमध एक आसन मांडून त्यावर शुभवर्तमानाचा ग्रंथ ठेवला होता. अध्यक्षस्थान ख्रिस्ताचे, हे सांगण्याची ती रीत. पोप अकरावे पायस यांनी डिसेंबर १९२५ मध्ये ख्रिस्तराजाचा सण स्थापिला, तेव्हा महायुद्धाने युरोपातील मोठमोठी सिंहासने नुकतीच कोसळली होती. त्या सणाला १९६९ च्या सुधारणेने उपासनावर्षाच्या शेवटच्या रविवारी नेले. लूकच्या वर्षी त्या दिवशीचे शुभवर्तमान क्रूसाजवळचे असते. राजा खिळलेला, आणि शेजारचा चोर त्याच्या राज्यात जागा मागतो आहे. दयासनाचा अर्थ याहून स्पष्ट कोठे मिळणार?

राहता राहिली खुर्ची. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतच म्हटले आहे की, धर्मगुरूच्या आसनाला सिंहासनाचे रूप येऊ देऊ नये. हे मी त्या कुटुंबाला वाचून दाखविले. वडीलधारे थोडे हिरमुसले, मग त्यांनीच विचारले, ''एफेससला ग्रंथ ठेवला होता म्हणता, तसे काही चालेल?'' शुभवर्तमानाच्या ग्रंथासाठी सागवानी चौरंग आता वेदीच्या बाजूला आहे. मी अजून जुन्याच खुर्चीवर बसतो. तिचा एक पाय किंचित डुगडुगतो.