अंकलिपीतलं चित्र

वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. स्वतः शाळेचं तोंड न पाहिलेल्या या माणसानं वऱ्हाडीतून कीर्तनं करत गावोगाव बजावलं होतं, की जेवायचं ताट विकावं लागलं तरी विका, भाकर हातावर घ्या, पण पोराला शाळेत घाला. त्यांचं ऐकून पोराला शाळेत घालणाऱ्या घरात येणारं पहिलं, आणि पुष्कळदा एकुलतं एक चित्रांचं पुस्तक म्हणजे अंकलिपी.

तिच्यातले अंक जुन्या कुळातले. पंतोजीच्या शाळेत पोरं धूळपाटीवर अक्षरं गिरवत आणि पाढे घोकत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, थेट औटकीपर्यंत, म्हणजे साडेतिनाच्या पाढ्यापर्यंत. शेर-पावशेर आणि आणे-पैच्या बाजारात त्याशिवाय हिशेब जमत नसे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि या पाढ्यांची गरज ओसरली.

चित्राचं कूळ वेगळं. १६५८ साली न्यूरेंबर्गला मोरावियातल्या कोमेनियस या शिक्षकाचं ‘ऑर्बिस पिक्टुस’ निघालं. मुलांसाठीच्या चित्रपुस्तकांत ते आद्य मानतात. मुलानं वस्तू आधी डोळ्यांनी पाहावी, हा कोमेनियसचा आग्रह. अक्षरओळखीसाठी त्यानं प्राण्यांचे आवाज घेतले. कोकरू ‘बे’ करतं, ते ‘बी’ या अक्षराचं. आपल्याकडे १८२२ साली मुंबईत शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली, छापील पुस्तकं शाळेत आली आणि पुढे चित्रंही आली. मराठीनं आवाज न घेता शब्दाचं पहिलं अक्षर धरलं. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मात्र आपल्या नेहमीच्या बोलण्यात शब्द सुरूच होत नाही. म्हणून बाणाचा ण, बाळाचा ळ.

मला या चित्राचं मोल वाटतं ते मायसाठी. तिला अक्षर येत नसलं तरी कमळ ओळखता येतं, आणि त्यावर बोट ठेवून ती लेकराकडून ‘क’ म्हणवून घेऊ शकते. शिकवणारी निरक्षर असली तरी चालेल, असं पुस्तक विरळा.

पण त्यासाठी वस्तू मायच्या ओळखीची हवी. अ अननसाचा आणि ई ईडलिंबाचा, इथं वऱ्हाडातली माय अडते. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी ही अडचण जाणली होती. त्या काही वर्षं वऱ्हाडातच, अमरावतीत राहिलेल्या. १९४५ साली बोर्डीला गरीब मुलांसाठी काम सुरू केल्यावर त्यांनी महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, गोटे, बिया अशा भोवतालच्या वस्तू घेतल्या. अंगणवाडीची कल्पना तिथलीच. अंकलिपी छापणाऱ्यांनी हा धडा घ्यायला हवा होता. वलगावच्या पोरासाठी प पऱ्हाटीचा असावा, स संत्र्याचा, त तुरीचा. ळ मात्र बाळाचाच राहू द्यावा. बाळ सगळ्याच मायांच्या ओळखीचं आहे.