फिनिक्ससारख्या वाळवंटी शहरात घरासमोर काँक्रीटचा ड्राइव्हवे: खर्च किती, आणि तो नेमका कशावर ठरतो?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, म्हणजे फिनिक्स, चँडलर, गिल्बर्ट या भागात आता बरीच मराठी मंडळी राहतात. चँडलरला इंटेलचा मोठा कारखाना आहे आणि उत्तर फिनिक्समध्ये टीएसएमसीचा, त्यामुळे चिप क्षेत्रातल्या नोकऱ्यांसाठी तिकडे जाणं वाढलंय. घर घेतलं की दोनेक वर्षांत एक खर्च हमखास समोर येतो: गॅरेजसमोरचा तडे गेलेला ड्राइव्हवे. तीन जणांकडून कोटेशन मागवा, तिघांचे आकडे तीन दिशांना. एक म्हणतो ५,००० डॉलर, दुसरा ११,०००. मग कोण लुटतोय आणि कोण काम उरकून पळणार, हे ओळखायचं कसं? थेट हिशोबालाच लागूया.

आधी मोबाईलवर माप घ्या

कंत्राटदार दर चौरस फुटावर भाव सांगतो, म्हणून क्षेत्रफळ स्वतःला माहीत असलंच पाहिजे. गूगल अर्थमध्ये आपलं घर शोधा, मोजपट्टीचं चिन्ह दाबा आणि ड्राइव्हवेच्या चार कोपऱ्यांवर टॅप करा. क्षेत्रफळ लगेच दिसतं. आयफोनमध्ये ‘मेझर’ ॲप आहेच. दोन्हींत थोडाफार फरक पडतो, त्यामुळे शेवटी साधी टेप लावून खात्री करा.

उदाहरणासाठी २० फूट रुंद आणि ३० फूट लांब, म्हणजे ६०० चौरस फुटांचा, दोन गाड्यांचा ड्राइव्हवे धरू. जाडी ४ इंच. घनफळ झालं २०० घनफूट. अमेरिकेत काँक्रीट घनयार्डात विकतात आणि एका घनयार्डात २७ घनफूट बसतात, म्हणजे सुमारे ७.४ यार्ड. सांडलवंड आणि जमिनीचा उंचसखलपणा यासाठी १० टक्के जास्त धरले की ८ यार्डांच्या थोडं वर. एका मिक्सर ट्रकमध्ये साधारण ८ ते १० यार्ड माल येतो, म्हणजे आपलं काम एका ट्रकात होतं. ट्रक अर्धा रिकामा आला तर बहुतेक प्लांट ‘शॉर्ट लोड’चा वेगळा आकार लावतात. म्हणून लहान ड्राइव्हवेचा दर चौरस फुटामागे उलट जास्त पडतो.

आता पैसे

रेडी-मिक्स काँक्रीट यार्डाला साधारण १५० ते २०० डॉलर धरा. आपल्या उदाहरणात नुसत्या मालाचे १,२५० ते १,६५० डॉलर. इथेच बरेच जण चकतात, कारण पूर्ण कामाचा साधा भाव मात्र चौरस फुटाला ८ ते १४ डॉलरच्या आसपास असतो. म्हणजे ६०० फुटांना ४,८०० ते ८,४०० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर चार ते सात लाख. बाकीचे पैसे जातात कुठे? खोदाई, खडी-मुरमाचा थर आणि त्याची दबाई, कडेच्या फळ्या, सळई, चार-पाच जणांची मजुरी, विमा, आणि कंत्राटदाराचा नफा. काँक्रीट हा एकूण बिलाचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा.

जुना स्लॅब फोडून उचलून न्यायचा असेल तर चौरस फुटाला आणखी २ ते ५ डॉलर. ही रक्कम ऐकून डोळे पांढरे होतात खरे, पण जुन्या ६०० फुटांच्या स्लॅबचं वजन सुमारे १३ ते १४ टन भरतं. ते फोडायचं, भरायचं, टाकायच्या जागेचे पैसे द्यायचे. नक्षीचा किंवा रंगीत काँक्रीटचा ड्राइव्हवे हवा असेल तर दर १२ पासून २० डॉलर आणि वरही जातो. माझं मत विचाराल तर कडक उन्हात गडद रंग घेऊ नका. पृष्ठभाग जास्त तापतो, रंगही उडतो. खराट्याने रेघा ओढलेला साधा ‘ब्रूम फिनिश’ सगळ्यात स्वस्त आणि पाय घसरू न देणारा.

हे सगळे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या गल्लीतलं कोटेशन वेगळं येईल. पण ६०० फुटांचं काम, जुना स्लॅब काढण्यासकट, कुणी ३,००० डॉलरला करून देतो म्हणाला तर काहीतरी गाळलंय हे नक्की. बहुतेक वेळा जाडी, खालची दबाई, नाहीतर लायसन्स.

वाळवंटामुळे काय स्वस्त, काय महाग

एक गोष्ट चांगली आहे. शिकागोसारख्या गावात हिवाळ्यात काँक्रीटमधलं पाणी गोठतं, फुगतं, पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात. वर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते वेगळंच. फिनिक्समध्ये ही कटकट जवळपास नाही. पण त्याची भरपाई ऊन करतं.

फिनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस दिवसाचं कमाल तापमान १०० फॅरनहाइटच्या खाली उतरलं नाही. चंद्रपूर-नागपूरच्या लोकांना ४३ चं कौतुक नसेल, पण ते मे महिन्यापुरतं असतं. इथे सप्टेंबरपर्यंत चालतं. शिवाय हवा कोरडी, वर्षाचा पाऊस जेमतेम १८० मिलिमीटर.

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, हे आधी लक्षात घ्या. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं. पाणी आधीच उडून गेलं तर क्रिया अर्धवट राहते. ऊन, वारा आणि कोरडी हवा एकत्र आली की ओल्या स्लॅबवरून दर चौरस मीटरमागे तासाला एक लिटर पाणी उडू शकतं. तिथून पुढे ताज्या काँक्रीटला आखडून तडे जाण्याचा धोका मोठा, असं या क्षेत्रात मानतात. आपल्या ६०० फुटांवर हिशोब केला तर तासाला ५५ लिटर, म्हणजे जवळपास तीन बादल्या पाणी हवेत!

म्हणून उन्हाळ्यात ट्रक पहाटेच बोलावतात. अमेरिकेतल्या काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या उष्ण हवामानाच्या नियमांत ओतताना काँक्रीटचं तापमान ३५ सेल्सिअसपर्यंतच चालतं असं धरलंय. त्यासाठी प्लांटवर थंड पाणी किंवा बर्फ घालतात, मिश्रण लवकर आवळू नये म्हणून रिटार्डर नावाचं रसायन टाकतात. बिलात ‘आइस’ किंवा ‘हॉट वेदर’ असा आकार दिसला तर तो फसवणुकीचा नाही. उलट जुलैमध्ये दुपारी दोन वाजता ट्रक बोलावणाऱ्याच्या बिलात तो नसेल, आणि तेच चिंतेचं.

ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये काम केलं तर यातली बरीच डोकेदुखी टळते. घाई नसेल तर थांबाच.

जमिनीचाही खर्च आहे. ॲरिझोनात बऱ्याच ठिकाणी मातीखाली ‘कलीची’ नावाचा चुन्याचा थर लागतो, दगडासारखा टणक. फावडं चालत नाही, ब्रेकर लावावा लागतो. काही भागांत उलट फुगणारी चिकणमाती आहे. पाणी लागलं की वर येते, वाळली की बसते, आणि स्लॅब तडकतो. कोटेशनमध्ये ‘कठीण खोदाई जादा’ असं वाक्य असेल तर त्याचा दर आधीच लिहून घ्या.

कोटेशन वाचताना

जाडी ४ इंच लिहिलीय का, ते पाहा. मोठा पिकअप किंवा आरव्ही उभी करणार असाल तर ५ इंच घ्या. माल २५ टक्के वाढतो, पण स्लॅबची वजन पेलायची ताकद ढोबळमानाने दीडपट होते, कारण ती जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्या उदाहरणात दोन यार्ड जास्त, म्हणजे मालाचे ३००-४०० डॉलर. मात्र एकूण १० यार्डांच्या वर गेलात तर दुसरा ट्रक लागू शकतो, तेव्हा कडेच्या पट्ट्यापुरती जाडी वाढवता येते का ते विचारा.

ताकद ३,००० ते ४,००० पीएसआय असावी. आपल्याकडच्या भाषेत साधारण एम-२५ ते एम-३५ च्या आसपास.

मग सांधे. ४ इंचाच्या स्लॅबला जास्तीत जास्त १० फुटांवर खाच हवी, आणि खाचेची खोली जाडीच्या चौथ्या भागाइतकी, म्हणजे १ इंच. काँक्रीट आखडणार आणि तडा जाणार हे ठरलेलंच. खाच मारून आपण त्याला सरळ रेषेत जायला लावतो. गॅरेजच्या फरशीला लागून मऊ पट्टी भरलेला वेगळा सांधा असावा. ३० फुटांचा स्लॅब तापमानात ४० अंशांचा फरक पडला की तीनेक मिलिमीटर लांबतो, त्याला जागा नको?

आणि क्युरिंग. आपल्याकडे स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात, भारतीय मानक आयएस ४५६ तर उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस ओल ठेवा म्हणतं. फिनिक्सला बहुतेक कंत्राटदार पांढरं क्युरिंग कंपाउंड फवारून मोकळे होतात. ते चालतं, पण वेळेवर आणि पूर्ण पृष्ठभागावर मारलं तरच. कोटेशनमध्ये क्युरिंगचा उल्लेखच नसेल तर विचारा. गाडी किमान ७ दिवस आत घेऊ नका. पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात.

ट्रक आल्यावर मोबाईल हातात ठेवा

ड्रायव्हरकडे डिलिव्हरी तिकीट असतं. त्यावर प्लांटवर माल भरल्याची वेळ, मिश्रणाची ताकद आणि नंतर घातलेलं पाणी लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढा. माल भरल्यापासून ओतेपर्यंत ९० मिनिटं ही जुनी, सर्वांना माहीत असलेली मर्यादा; उन्हाळ्यात रिटार्डर नसेल तर तेवढाही वेळ मिळत नाही.

माल घट्ट झाला की कामगार पाइप लावून ट्रकमध्ये पाणी मारतात. काम सोपं होतं, ताकद जाते. यार्डामागे एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर जादा पाणी घातलं तर सुमारे २०० पीएसआय कमी होतात असा अंदाज वापरतात. तिकिटावर घालायला मुभा असलेलं पाणी लिहिलं असेल तर तेवढं ठीक. त्याच्या वर पाणी चाललं असेल तर तिथेच थांबवायला सांगा, ओतून झाल्यावर बोलून उपयोग नाही.

लायसन्स दोन मिनिटांत तपासा

ॲरिझोनात मजुरी आणि माल धरून १,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला कंत्राटदाराचं लायसन्स लागतं. राज्याच्या ‘रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्स’च्या साइटवर नाव किंवा नंबर टाकला की लायसन्स चालू आहे का, कुठल्या कामाचं आहे, तक्रारी किती, सगळं दिसतं. घरगुती काँक्रीटचा वर्ग आर-९, किंवा घर आणि व्यापारी दोन्हींसाठी सीआर-९. लेखी करारावर हा नंबर असायला हवा. खोदण्याआधी ८११ वर कळवलंय का तेही विचारा. जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइनी फुकटात खुणा करून देतात, त्यासाठी किमान दोन कामाचे दिवस आधी सांगावं लागतं. रस्त्याला लागून असलेला उताराचा भाग शहराच्या हद्दीत येतो, त्याला वेगळं परमिट लागतं. सोसायटीचं एचओए असेल तर त्यांचीही परवानगी.

लायसन्सवाल्याने काम बिघडवलं तर काम संपल्यापासून दोन वर्षांच्या आत याच रजिस्ट्रारकडे तक्रार करता येते. तो दुरुस्त करून देत नसेल, तर पात्र घरमालकाला राज्याच्या रिकव्हरी फंडातून एका घरामागे ३०,००० डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते. बिनलायसन्सवाल्याकडून रोखीत काम करून घेतलं असेल तर या फंडाचं दार बंद. दोन कोटेशनमधला १,०००-१,५०० डॉलरचा फरक बघताना हाही आकडा शेजारी लिहून ठेवा, आणि तिकिटाचे, सळईचे, खाचांचे फोटो तारखेसकट दोन वर्षं डिलीट करू नका.