रुपयावरचा सन आणि सराफाची हमी

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं नवी मुंबईंतील पुष्कळ घरांतून तबकांत एक जुना चांदीचा रुपया मांडला जातो. वाशी-नेरूळच्या इमारती अलीकडच्या असल्या, तरी त्यांतील बिऱ्हाडें आपापल्या गांवाहून हा रुपया जपून बरोबर घेऊन आलेलीं आहेत. त्यावर राणीचा मुखवटा असला म्हणजे त्यास राणीछाप म्हणावयाचें. आणि अशा कित्येक रुपयांवर १८६२ हा सन आढळतो. घरांतील वडील मंडळी मुलांस सांगतात कीं, हा रुपया १८६२ सालीं पाडलेला आहे. हें सांगणें पुष्कळदां चुकीचें असतें; मात्र ती चूक सांगणाराची नव्हे, रुपयाची असते.

गोष्ट अशी आहे कीं, १८६२ हा सन टांकसाळींनीं १८७३ अखेरपर्यंत तसाच चालू ठेविला. दरसाल नवा सन घालण्याचा प्रघात १८७४ पासून पडला. तत्पूर्वीं कंपनी सरकारनेंहि हेंच केलें होतें. १८३५ सनाचे रुपये १८४० पर्यंत पाडले गेले आणि १८४० सनाचे १८६२ पर्यंत. वजनांत तोळाभर, म्हणजे १८० ग्रेन, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी, असा चोख रुपया पाडणाऱ्या सरकारनें त्यावर जाणूनबुजून शिळा सन कां घालावा? याचें उत्तर टांकसाळींत नसून सराफकट्ट्यावर आहे.

जुन्या काळीं रुपया म्हणजे एकच एक नाणें नव्हतें. गांवोगांवच्या टांकसाळींचे रुपये बाजारांत फिरत, आणि कोणता रुपया किती आण्यांचा, हें सराफ सांगे. झिजलेल्या नाण्यावर बट्टा कापला जाणें न्याय्यच होतें. कारण चांदी कमी झाली म्हणजे मोल कमी व्हावयाचेंच. परंतु पुढें पुढें झीज पाहण्याचे कष्टहि कोणी घेईनासें झालें. नुसता सन पाहून बट्टा ठरूं लागला! बंगाल्यांत चालू वर्षाचा सिक्का रुपया हिशेबी रुपयाहून शेंकडा १६ जास्त धरीत, दुसऱ्या वर्षीं १३ आणि त्यानंतर ११. तिजोरींतून न हललेलें नाणेंहि केवळ वर्ष उलटल्यामुळें हलकें ठरे. ही तूट अखेर कोणाच्या पदरीं पडे, हें सांगावयास नको. सारा भरणाऱ्या रयतेस सावकार देईल तो रुपया घ्यावा लागे, आणि सरकार मागेल तो द्यावा लागे.

महाराष्ट्रांत तर नाण्यावरील मजकूर आणि वस्तुस्थिति यांची फारकतच झालेली होती. पुण्यास राज्य पेशव्यांचें. परंतु तेथील अंकुशी रुपयावर नांव दिल्लीच्या शहा आलम बादशहाचें. टांकसाळीचें नांव मुहियाबाद, म्हणजे औरंगजेबानें पुण्यास ठेविलेलें नांव, जें पुणेकरांच्या तोंडीं कधींच बसलें नाहीं. तो मजकूर फारशी लिपींत. बाजारांतील शेंकडा नव्वद माणसांस तो वाचतांहि येत नसे. लोक त्यावरील अंकुशाची खूण पाहून रुपया ओळखीत. लेखावर कोणाचा विश्वास नव्हता, आणि कोणी तशी अपेक्षाहि करीत नव्हता.

मग विश्वास कशावर होता? पारख करणाऱ्या माणसावर. सरकारी पोत्यांत भरणा होणारा पैसा पोतदार तपासून घेई. नाणें दगडावर आपटून नाद ऐकावा, संशय आल्यास कसास लावावें, आणि मगच तें जमेस धरावें, अशी रीत होती. सराफहि आपण पारखलेल्या नाण्यावर बारीकसा ठसा मारीत; कोणी चांदणी, कोणी टिकली, कोणी एखादी रेघ. चिनी व्यापारी डॉलरावर असेच छाप मारीत. ठसा मारणारा पेढीवर बसलेला असे. गिऱ्हाईक त्याच्या दारीं जाऊन भांडूं शकत होतें. तो लबाड नव्हताच असें नव्हे. पण त्याचा ठावठिकाणा सर्वांस माहीत होता.

हा सराफ दूर करावा म्हणून कंपनीनें १७९३ सालीं बंगाल्यांत युक्ति काढली. सर्व रुपयांवर शहा आलमचें १९ वें राज्यवर्ष आणि मुर्शिदाबादचें नांव कायम ठेवावयाचें. मग रुपया कलकत्त्यास कां पाडलेला असेना. सगळ्यांचेंच वर्ष एक, तर जुना कोणता आणि नवा कोणता, हें सराफानें ओळखावें कसें? मुंबईच्या टांकसाळींतूनहि सुरतेचें नांव आणि ४६ वें राज्यवर्ष घातलेले रुपये बाहेर पडत. तो बादशहा १८०६ सालीं वारला, तरी त्याचें वर्ष कांहीं पुढें सरकलें नाहीं! १८३५ सालीं सर्व मुलखांत एक रुपया झाला आणि राजाचा मुखवटा आला, तरी गोठलेल्या सनाची युक्ति सुटली नाहीं. १८६२ चा रुपया त्याच परंपरेंतला होय. बट्टेबाजी मोडण्यासाठीं सरकारनें खोटा सन पत्करला, आणि या कामीं तरी सरकारची बाजू रास्त होती, असें म्हणणें भाग आहे.

तथापि टांकसाळीस स्वतःचा हिशेब ठेवावाच लागतो. मुंबईच्या टांकसाळीनें त्यासाठीं रुपयाच्या मागील बाजूस अगदीं बारीक ठिपके घातले. ठिपके किती आणि कोठें आहेत, यावरून जाणकार लोक तो रुपया खरोखर कोणत्या सालचा, हें ठरवितात.

येथें या जुन्या कथेचा आजच्या एका व्यवहाराशीं संबंध येतो. शेल्डन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९४९ सालीं तांब्याच्या जुन्या सेंटांची प्रत ठरविण्यासाठीं १ पासून ७० पर्यंत गुणांची पद्धत मांडली. १९८६ सालीं तिकडे प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस ही संस्था निघाली, आणि पुढच्याच वर्षीं दुसरी. या संस्था नाणें तपासून गुण देतात, पारदर्शक डबींत बंद करतात, आंत छापील चिठ्ठी घालतात आणि हमी देतात. नाणें बनावट ठरलें किंवा गुण जास्त दिल्याचें सिद्ध झालें, तर नुकसान भरून द्यावयाचें. भारतांतील राणीछाप रुपयेहि आज अशा डब्यांतून विकले जातात. सराफच नव्या वेषांत परत आला, म्हणा ना!

परंतु या हमींत एक पळवाट ठेविलेली आहे. चिठ्ठीवर सन, नांव किंवा जात छापतांना उघड चूक झाली, तर ती लेखनदोष समजून दुरुस्त करून मिळते. तिच्यासाठीं भरपाई मात्र मिळत नाहीं. १८८२ च्या रुपयावर १८६२ अशी चिठ्ठी लागली, तर गिऱ्हाइकास डोळे होते, असें संस्थेचें म्हणणें, आणि तें अगदींच गैर नाहीं. अडचण येते ती ठिपक्यांची. चिठ्ठीवर नुसता १८६२ सन असेल, तर तो नाण्यावरील लेखाशीं तंतोतंत जुळतो, आणि तरीहि रुपया दहा वर्षांनंतरचा असूं शकतो. ठिपक्यांचा प्रकार छापतांना चूक झाली, तर ती उघड म्हणावी कीं गुप्त? भिंगाखालीं ती दिसते, नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. आणि दुर्मिळ ठिपक्यांच्या रुपयाला बाजारांत किंमत निराळी पडते. अशा वेळीं चिठ्ठी वाचून पैसे मोजणारा आणि चिठ्ठी लिहिणारा, या दोघांत नुकसान कोणी सोसावें, यावर वाद होतो.

या व्यवस्थेची आणखी एक गंमत आहे. ज्या सराफी ठशानें एके काळीं रुपया बाजारांत निःशंक चाले, तोच ठसा आजचे परीक्षक पुष्कळदां नाण्यास झालेली इजा मानतात आणि त्यापायीं त्याची प्रत उतरवितात.

तबकांतला रुपया बहुधा कोणत्याहि डबींत गेलेला नसतो. त्याचें खरें साल पाहावयाचें असल्यास पूजा आटोपल्यावर त्यावरचें हळदकुंकू मऊ कापडानें हलकेंच टिपावें, मागील बाजू उजेडांत धरावी आणि भिंगानें ठिपके मोजावेत. घांसून मात्र काढूं नये. त्यानें ठिपकेहि जातात आणि चांदीहि.