जीमूतवाहनाचे वारस आणि एक चंद्रग्रहण

आमच्या कोल्हापूर भागात सुगी आटोपली की हेळवी दारात येतो. घराण्याच्या पिढ्यांची नावे तो सांगू लागला की घरातली वडीलधारी माणसे कौतुकाने ऐकत बसतात. एकदा माझ्या शाळकरी पुतणीने विचारले, "काका, ही नावं खरी कशावरून?" प्रश्न अगदी वैज्ञानिक होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण याच कोल्हापुरावर राज्य केलेल्या शिलाहार घराण्याची वंशावळ तपासू या.

मूळपुरुष विद्याधर

शिलाहार राजे स्वतःला जीमूतवाहन या विद्याधराचे वंशज म्हणवीत. कथा अशी, की गरुडाच्या भक्ष्यासाठी रोज एका नागाला वध्यशिलेवर जावे लागे. शंखचूड नागाची पाळी आली तेव्हा त्याच्याऐवजी जीमूतवाहन स्वतः त्या शिलेवर गेला. हर्षाच्या 'नागानंद' नाटकाचा विषय हाच. शिलेवर आहार झाला तो शिलाहार, अशी नावाची फोडही सांगितली जाते.

शिलाहारांच्या मुख्य शाखा तीन : उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर. तिन्ही जीमूतवाहनाचे नाव सांगतात. प्रत्यक्ष राजांची यादी मात्र एकीची कपर्दीपासून, दुसरीची सणफुल्लापासून आणि तिसरीची जतिगापासून सुरू होते. जीमूतवाहनापासून या तिघांपर्यंत बापलेकांची साखळी कुठेच जोडलेली नाही. आणखी एक खूण म्हणजे 'तगरपुरवराधीश्वर' ही पदवी. तगर कुठले यावर बराच वाद झाला. जुन्नर, दौलताबाद अशी नावे सुचवली गेली. शेवटी धाराशिव जिल्ह्यातील तेर हेच तगर, हे फ्लीटचे मत मान्य झाले. म्हणजे विद्याधर कथेतला असला तरी गाव खरे निघाले!

सात नावे, चार पिढ्या

आता कोल्हापूर शाखेची नावे पाहू. मारसिंह, गूवल, भोज, बल्लाळ, गंडरादित्य, विजयादित्य आणि पुन्हा भोज. ही यादी वर्गात दिली तर बहुतेक मुले सातही जणांना बापलेक समजून एकाखाली एक लिहितील. पण लेख सांगतात की गूवल, भोज, बल्लाळ आणि गंडरादित्य हे सगळे मारसिंहाचे मुलगे. गंडरादित्याचा मुलगा विजयादित्य आणि त्याचा मुलगा दुसरा भोज. म्हणजे सात नावांच्या पिढ्या फक्त चार, आणि पहिला भोज हा दुसऱ्या भोजाचा चुलत आजोबा!

दुसरी अडचण नामसाधर्म्याची. घराण्यात गूवल दोन झाले : एक मारसिंहाचा चुलता, दुसरा त्याचा मुलगा. जतिगही दोन. एका लेखातली यादी जतिगापासून सुरू होते, तर काही ताम्रपटांत त्या जतिगामागे चंद्र, नायिम्म आणि आणखी एक जतिग अशी नावे येतात. एकच लेख वाचणाऱ्याला दोन जतिग एकच वाटतील. सर्व लेख शेजारी ठेवल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. म्हणून वा. वि. मिराशी यांनी १९७७ साली शिलाहारांचे लेख एका खंडात एकत्र केले, त्याचे मोल फार मोठे आहे.

लेखाने सहज सांगितलेली गोष्ट

तरीही प्रश्न उरतोच. राजाचा लेख राजाचीच थोरवी गाणार; त्यावर विश्वास का ठेवायचा? येथे खगोलशास्त्र मदतीला येते.

कोल्हापुरात शुक्रवार दरवाजाजवळ विजयादित्याचा एक शिलालेख आहे. भाषा संस्कृत, लिपी जुनी कानडी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलेल्या कीलहॉर्न या जर्मन पंडिताने तो प्रसिद्ध केला. एका जैन मंदिराला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. दानाचा दिवस असा : शक १०६५, दुंदुभी संवत्सर, माघ पौर्णिमा, सोमवार, चंद्रग्रहण.

मी प्रथम हे गणित केले तेव्हा शक १०६५ हे गत वर्ष, म्हणजे पुरे झालेले वर्ष धरले. माघी पौर्णिमा इ. स. ११४४ च्या जानेवारीत आली, पण वार निघाला शनिवार! लेख खोटा की माझे गणित? मग १०६५ हे चालू वर्ष धरून पाहिले. पौर्णिमा आली १ फेब्रुवारी ११४३ रोजी. वार सोमवार. संवत्सर दुंदुभी. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते आणि कोल्हापुरात ते मध्यरात्रीच्या थोडे आधी ऐन भरात होते. चारही गोष्टी एका दिवसावर जुळल्या. चूक माझ्या गृहीतकात होती.

यातला काही भाग विद्यार्थ्यांनाही करून पाहता येईल. त्या रात्रीपासून २१ जानेवारी २००० च्या खग्रास चंद्रग्रहणापर्यंत ३,१२,९९५ दिवस होतात. (११४३ ची तारीख ज्युलियन पंचांगाची आहे, १५८२ मध्ये गाळलेले दहा दिवस हिशेबात धरले आहेत.) या संख्येला २९.५३०५८९ ने भागा. उत्तर जवळजवळ १०,५९९ येते, म्हणजे चंद्राच्या पूर्ण फेऱ्या. सातने भागा, बाकी ४ उरते : सोमवारनंतर चौथा वार शुक्रवार, आणि २१ जानेवारी २००० ला शुक्रवारच होता.

या एका रात्रीमुळे विजयादित्य कालपटावर पक्का बसतो. त्याच्या मागे वडील आणि चुलते, पुढे मुलगा. हा दुसरा भोज इ. स. १२१२ च्या सुमारास यादव सिंघणाकडून पराभूत झाला आणि कोल्हापूरचे शिलाहार राज्य संपले. जीमूतवाहन मात्र ग्रहणाने सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही. तो तपासणीच्या बाहेर आहे. त्याच्यावरून कळते ते एवढेच, की या राजांना आपण कोणाचे वंशज म्हणून ओळखले जावे असे वाटत होते.

वर्गासाठी

वंशावळ सबंध खरी किंवा सबंध खोटी नसते. तिच्यातील प्रत्येक नावाला स्वतंत्र पुरावा मागावा लागतो. मुलांना घरची वंशावळ लिहून आणायला सांगा. प्रत्येक नावासमोर शाळेचे जनरल रजिस्टर, फेरफार, जुने पत्र किंवा 'फक्त ऐकीव' असे लिहू द्या. ऐकीव नावे खोडायची नाहीत. तशी खूण करायची, एवढेच.

आणखी एक करता येईल. गावातल्या देवळात लेख असेल तर त्यावर ऑइलपेंट फासले जाणार नाही, एवढे मुलांच्या मदतीने पाहा. शुक्रवार दरवाजाजवळच्या दगडावरचा 'सोमवार' पुसला गेला असता, तर माझी शनिवारची चूक मला कधीच कळली नसती.

पुतणीने आता हेळव्याने सांगितलेल्या नावांची वही केली आहे. वरच्या पाच नावांपुढे तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढली आहेत.