सहायक फौजदार तुकाराम ओंबळे

नवी दिल्लीत चाणक्यपुरी येथे २०१८ साली उभारलेल्या राष्ट्रीय पोलीस स्मारकाच्या भिंतींवर, स्वातंत्र्यानंतर कर्तव्य बजावताना कामी आलेल्या ३४,००० हून अधिक पोलिसांची नावे कोरलेली आहेत. परप्रांती नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांची दृष्टी तेथे नकळत मराठी आडनावे धुंडाळू लागते. प्रस्तुत लेखकाच्या मनात त्या वेळी एक आडनाव आधीच घोळत असते : ओंबळे.

सातारा जिल्ह्यातील केडंबे हे त्यांचे गाव. सैन्यातील नोकरीनंतर ते मुंबई पोलीस दलात आले व सहायक उपनिरीक्षकाच्या, जुन्या भाषेत सहायक फौजदाराच्या, हुद्द्यापर्यंत पोहोचले. या पायरीवरच्या माणसांची नोंद इतिहासकार बहुधा नावाने नव्हे, संख्येने करतात!

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे तीन अधिकारी कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत धारातीर्थी पडले होते. त्यांचे मारेकरी बळकावलेल्या मोटारीतून गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपर्यंत आले. गाडी वळविण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, आणि चकमकीत चालविणारा मारला गेला. दुसरा, अजमल कसाब, शरण येण्याचा बहाणा करीत बाहेर पडला. ओंबळ्यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांनी पुढे धावून त्याच्या बंदुकीची नळीच दोन्ही हातांनी धरली. गोळ्या अंगात शिरल्या, तरी पकड सुटली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जेरबंद केले. ओंबळे मात्र वाचले नाहीत.

दहा हल्लेखोरांपैकी हा एकटाच जिवंत हाती लागला, हे ध्यानी घ्यावयास हवे. कागदाचे व पुराव्याचे मोल सरकारी नोकराला वेगळे सांगावयास नको. कसाब मेला असता तर कटाचा माग केवळ तर्कावर आणि दूरध्वनीच्या नोंदींवर काढावा लागता. तो जिवंत होता, म्हणूनच जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानला तो आपला नागरिक असल्याचे मान्य करावे लागले. पुढे विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशा रीतसर पायऱ्या चढून २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली.

ओंबळ्यांना २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. चौपाटीवर त्यांचा पुतळाही आहे. आणि २०२१ साली, ठाणे जिल्ह्यात आढळलेल्या, झेप घेऊन भक्ष्य पकडणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीस संशोधकांनी नाव दिले ते ‘तुकारामी’.