रेडिओवरचा ‘मीटर’ : अर्थ आणि वापर

जुन्या रेडिओच्या काचेवर ‘मीटर’ हा शब्द छापलेला असतो. निवेदकही ‘अमुक मीटरवर’ असे सांगत. आजच्या मुलांना मीटर म्हटले की विजेचा किंवा रिक्षाचा आठवतो. मर्फी, बुश, फिलिप्स, टेलिफंकन यांचे जुने सेट आपल्यापैकी काहींच्या घरी माळ्यावर अजून आहेत आणि घर आवरताना ते भंगारात जातात. त्या काचेवर काय लिहिले आहे, हे निदान वाचता यावे म्हणून ही माहिती देत आहोत.

अर्थ

येथे मीटर म्हणजे मोजण्याचे यंत्र नव्हे. लांबी मोजण्याचे, कापड मोजतो तेच माप. केंद्रावरून निघणाऱ्या रेडिओलहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. ती मीटरमध्ये सांगतात. एका सेकंदात अशा किती लहरी निघतात, तो आकडा म्हणजे कंप्रता. ती किलोहर्ट्झमध्ये सांगतात. जुन्या सेटवर ‘केसी’, म्हणजे किलोसायकल, असे लिहिलेले असते, दोन्ही एकच.

हिशेब सोपा आहे. लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. म्हणून ३,००,००० ला किलोहर्ट्झच्या आकड्याने भागले की मीटर मिळतात. आकाशवाणी भोपाळचा मध्यम लहरींवरचा आकडा १५९३ किलोहर्ट्झ. भागाकार येतो १८८.३२. ‘१८८.३२ मीटर अर्थात १५९३ किलोहर्ट्झ’ ही घोषणा याच हिशेबाची. मीटर वाढले की किलोहर्ट्झ कमी होतात, हे लक्षात ठेवावे.

मीटर आणि बँड

मध्यम लहरींची पट्टी साधारण १८७ ते ५६५ मीटरची. लघुलहरींवर मात्र केंद्रांना ठरावीक तुकडे दिलेले असतात. प्रत्येक तुकड्याला ‘बँड’ म्हणतात आणि त्याला तरंगलांबीचे नाव असते : १३, १६, १९, २५, ३१, ४१, ४९ मीटर. २५ मीटर बँड म्हणजे १२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, ४१ मीटर बँड म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या थोडा वरचा. ‘दोन बँडचा’, ‘तीन बँडचा’ रेडिओ असे म्हणताना मात्र बँड या शब्दाचा अर्थ वेगळा असे : बटण फिरवून सेटवर किती पट्ट्या लावता येतात, ते.

सर्वांत परिचित आकडे रेडिओ सिलोनचे, २५ आणि ४१ मीटर. डॉ. बा. वि. केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची चित्रपटगीते फार कमी झाली आणि श्रोते सिलोनकडे वळले. अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झाली. आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू केली, ती याला उत्तर म्हणून.

दिवसा एक, रात्री दुसरे

वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित थर असतात. दिवसा त्यांतला सर्वांत खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो, म्हणून तेव्हा जवळपासचीच केंद्रे लागतात. सूर्य मावळल्यावर तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. लघुलहरींचा जुना नियमही असाच : दिवसा कमी मीटरचे बँड चांगले लागतात, रात्री जास्त मीटरचे.

आपल्या समाजाला या नियमाचे मोल जास्त होते. नागपूर ही १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ चे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे राज्य झाले, राजधानी भोपाळला आली आणि तिच्याबरोबर नागपूरचे बरेच मराठी कर्मचारी बदलून येथे आले. नागपूर मुंबई राज्यात गेले. शाळा, बाजार, कचेरी सगळीकडे हिंदी. घराबाहेरून येणारे मराठी म्हणजे पत्रे, टपालाने येणारी मासिके आणि रात्रीचा रेडिओ. खरखरीतून आणि आवाज मध्येच बुडत असतानाही लोक कान लावून बसत, ते यासाठी.

पट्टीवर ही केंद्रे कुठे येतात, ते पाहण्यासारखे आहे. नागपूर ५८५ किलोहर्ट्झ म्हणजे ५१२.८ मीटर, मुंबई ‘ब’ ५५८ म्हणजे ५३७.६ मीटर, पुणे ७९२ म्हणजे ३७८.८ मीटर. भोपाळ पट्टीच्या एका टोकाला, तर नागपूर आणि मुंबई ‘ब’ दुसऱ्या टोकाकडे. स्थानिक बातम्यांवरून नागपूरला जायचे तर काटा जवळजवळ पूर्ण पट्टीभर फिरवावा लागे.

आकडे जुळत नसतील तर

हे आकडे १९७८ नंतरचे आहेत. जिनिव्हा येथे झालेल्या करारानुसार २३ नोव्हेंबर १९७८ पासून आपल्या भागात मध्यम लहरींच्या केंद्रांमधले अंतर ९ किलोहर्ट्झ ठरले. वरचा कोणताही आकडा ९ ने भागून पाहावा, बाकी शून्य येते. त्यामुळे १९५०-६० च्या सेटवर घरातल्या कोणी पेन्सिलीने किंवा रंगाने खूण केली असेल, तर ती आजच्या आकड्याशी जुळेलच असे नाही. ती खूण चुकीची नव्हे, जुनी आहे.

सेट काढून टाकण्यापूर्वी

बंद पडलेला वॉल्व्हचा सेट एकदम प्लगला लावू नये. आतले कपॅसिटर वर्षानुवर्षांनी खराब झालेले असतात आणि काही सेटच्या धातूच्या सांगाड्यातच वीज उतरते. जाणकाराकडून तपासून घ्यावे. चालू करायचा नसेल, तरी काचेचा उजेडात एक फोटो काढावा आणि त्यावरच्या खुणा कोणत्या केंद्रांच्या, हे घरातील ज्येष्ठांना विचारून लिहून ठेवावे. आपल्या घरी रात्री कोणते गाव ऐकू येत होते, याची नोंद बहुतेक कुटुंबांत दुसरीकडे कुठेही नाही.