तळाच्या जागेसाठी चढाओढ

एप्रिल 1984. ह्यूस्टन रॉकेट्स या बास्केटबॉल संघाचा एल्विन हेज 38 वर्षांचा झाला होता आणि निवृत्तीआधी त्याचे दोनच सामने उरले होते. सॅन अँटोनियोविरुद्धच्या सामन्यात प्रशिक्षक बिल फिच यांनी त्याला एकदाही बाकावर बसवलं नाही. जादा वेळ धरून सगळी 53 मिनिटं हा थकलेला गडी मैदानात धावत राहिला, आणि ह्यूस्टन हरलं. कारकिर्दीअखेर हेजची एकूण मिनिटं बरोबर 50,000 भरली, तेव्हा एका ज्येष्ठ खेळाडूचा मान राखला असं म्हणायला जागा होती. पण शेवटच्या 17 पैकी 14 सामने हरलेल्या संघाचा हा मोठेपणा फारसा कुणाला पटला नाही, कारण त्या महिन्यात हरण्यातच कमाई होती.

अमेरिकेच्या एनबीए या लीगमध्ये नव्या खेळाडूंचा आयपीएलसारखा लिलाव होत नाही. कॉलेजातून किंवा परदेशातून येणाऱ्या पोरांना संघ रांगेने निवडतात. या निवडीला म्हणतात ड्राफ्ट. दुबळ्याला बळ मिळावं म्हणून रांगेत पुढची जागा हरणाऱ्याची. 1966 ते 1984 पर्यंत दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांमध्ये नाणेफेक व्हायची आणि जिंकणारा पहिला नंबर घ्यायचा. ह्यूस्टनने 1983 साली असाच राल्फ सॅम्पसन मिळवला होता. 1984 ची नाणेफेकही त्यांनीच जिंकली आणि हकीम ओलाजुवॉनला घेतलं. त्याने 1994 आणि 1995 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं दिली. मुद्दाम हरण्याची वकिली करणारे आजही हेच उदाहरण पुढे करतात. त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा नंबर पोर्टलंडकडे होता, हे मात्र ते सांगत नाहीत. पोर्टलंडने सॅम बोवीला घेतलं आणि मायकेल जॉर्डन तिसऱ्या नंबरवर शिकागोच्या पदरात पडला.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. सामने सहसा खेळाडू सोडत नाहीत. त्यांचा पुढचा करार त्यांच्याच आकड्यांवर ठरतो, आणि ज्या पोरासाठी हरायचं तो उद्या त्यांचीच जागा घेणार असतो. हरण्याची तजवीज वरच्या मजल्यावर होते. चांगला खेळाडू विकायचा, किरकोळ दुखण्यावर लांब विश्रांती द्यायची, शेवटच्या पाच मिनिटांत नवशिक्यांना उतरवायचं. नियमांच्या चौकटीत राहून हरता येतं, म्हणूनच ते पकडणं अवघड.

ह्यूस्टनचा गाजावाजा झाल्यावर लीगने नाणं खिशात घातलं आणि सोडत आणली. मे 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात प्लेऑफला मुकलेल्या सात संघांची सात पाकिटं एका पारदर्शक गोलात फिरवली गेली. सगळ्यांना सारखी संधी. आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी हात घातला आणि पॅट्रिक यूइंग न्यूयॉर्कच्या निक्स संघाला मिळाला. ते पाकीट आधी फ्रीजमध्ये गार करून ठेवलं होतं, ही वदंता आजही सांगितली जाते. पुरावा कधीच पुढे आला नाही. गोल्डन स्टेटची कामगिरी तळाचीच होती, तरी त्यांच्या वाट्याला सातवा नंबर आला. मग ओरड सुरू झाली की ही सोडत गरिबाला न्याय देत नाही. म्हणून 1990 पासून तळाच्या संघाला 66 पैकी 11 संधी मिळू लागल्या.

या तीन पद्धतींवर बेक टेलर आणि जस्टिन ट्रॉगडन या अर्थतज्ज्ञांनी 2002 साली नेमका हात ठेवला. प्लेऑफची आशा संपलेले संघ नाणेफेकीच्या शेवटच्या मोसमात जास्त हरत होते. सर्वांना समान संधी मिळाली त्या मोसमात ते थांबले. तळाला झुकतं माप मिळताच पुन्हा हरू लागले. माणसं बक्षीस बघून वागतात, एवढंच.

दैवाने मात्र हिशेब वारंवार उधळले. 1993 साली ऑरलँडोने 41 सामने जिंकले होते आणि 66 पैकी त्यांची संधी फक्त एक. पहिला नंबर त्यांनाच लागला. लीगने चिडून तळाच्या संघाची शक्यता 25 टक्के केली. 1996-97 मध्ये सगळ्यांची नजर टिम डंकनवर होती. बोस्टन सेल्टिक्स फक्त 15 सामने जिंकले, शिवाय डॅलसचा नंबरही त्यांच्याच हाती. दोन तिकिटं असून मिळालं काय, तर तिसरा आणि सहावा नंबर. डंकन गेला सॅन अँटोनियोला. एरवी तगडा असलेला हा संघ डेव्हिड रॉबिन्सनच्या दुखापतीमुळे त्या वर्षी कोसळला होता. रॉबिन्सन सहाच सामने खेळला. डंकनने पुढे पाच विजेतेपदं आणली, पण तो आला तेव्हा रॉबिन्सन शेजारी उभा होता. घर आधीच बांधलेलं होतं.

काही वेळा प्रकार तमाशाच्या अंगाने जातो. एप्रिल 2006 मध्ये मेम्फिसविरुद्ध मिनेसोटाच्या मार्क मॅडसनने लांबून तीन गुणांचे सात प्रयत्न केले. लांबून मारणं हे त्याचं कामच नव्हतं. सातही चुकले, संघ हरला, आणि हातची जाऊ शकणारी ड्राफ्टची जागा वाचली. त्या जागेवर ब्रँडन रॉय मिळाला. मिनेसोटाने त्याच रात्री त्याला पोर्टलंडला देऊन रँडी फॉयला घेतलं. रॉय पुढच्या वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला.

या धंद्याला शास्त्राचं रूप दिलं ते फिलाडेल्फियाच्या सॅम हिंकी यांनी. 2013 मध्ये सूत्रं हाती घेताच त्यांनी संघ मोडीत काढला. तीन मोसमांत विजय 19, 18 आणि 10, पराभव 199. 2014 मध्ये सलग 26 सामने हरून त्यांनी एका मोसमातल्या विक्रमाशी बरोबरी केली. जोएल एम्बीड मिळाला, पण दुखापतीने पहिले दोन मोसम तो उतरलाच नाही. नर्लेन्स नोएल आणि जलील ओकाफोर टिकले नाहीत. एप्रिल 2016 मध्ये हिंकींनी 13 पानी राजीनामा दिला. त्यानंतर पहिल्या नंबरवर बेन सिमन्स आला, आणि 2017 मध्ये मार्केल फुल्ट्झसाठी केलेल्या सौद्यात जेसन टेटम बोस्टनला गेला. एम्बीड 2023 चा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे खरं यश. तरी 2025 पर्यंत संघ दुसऱ्या फेरीपलीकडे गेला नाही. 2019 च्या दुसऱ्या फेरीतल्या सातव्या सामन्यात टोरोंटोच्या क्वाय लेनर्डचा शेवटचा चेंडू कडीवर चार वेळा टप्पे खाऊन आत पडला आणि फिलाडेल्फिया घरी गेलं. लेनर्ड ड्राफ्टमध्ये पंधरावा होता.

केवळ वरचे नंबर पुरत नाहीत, हे सॅक्रामेंटोनेही अनुभवलं. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे 2013 पासून या संघाचे मालक. त्यांच्या आधीपासून धरून संघाचे सलग 16 मोसम प्लेऑफ हुकले. 2018 मध्ये दुसरा नंबर हाती असताना त्यांनी मार्विन बॅगलीला घेतलं. लुका डॉन्चिच मागे उरला.

थोडंसं हरणं मात्र कधी कधी पचतं. एप्रिल 2023 मध्ये डॅलसने शिकागोविरुद्ध प्रमुख खेळाडू बाहेर ठेवले. लीगने साडेसात लाख डॉलर दंड ठोकला, पण ड्राफ्टची जागा राहिली. तिच्याच अदलाबदलीतून डेरेक लाइव्हली आला आणि पुढच्याच वर्षी संघ अंतिम फेरीत होता.

2019 मध्ये तळाच्या तिन्ही संघांची पहिल्या नंबरची शक्यता 14 टक्क्यांवर आणली गेली. 2025 मध्ये 17 विजय मिळवणाऱ्या यूटाला पाचवा नंबर लागला, आणि 39 विजयांच्या डॅलसला 1.8 टक्के शक्यतेवर पहिला. त्याच वर्षी विजेत्या ठरलेल्या ओक्लाहोमा सिटीने चेट होमग्रेनला हरूनच मिळवलं होतं. पण शे गिल्जस-अलेक्झांडर आणि जेलन विल्यम्स हे दोघे आले 2019 साली पॉल जॉर्जला विकताना केलेल्या पक्क्या सौद्यातून.